फावल्या वेळाचा हिशेब

मुरानोच्या भट्ट्यांमध्ये बारीक मणी घडायचा तो काच ओढून. कारागीर लोखंडी सळईच्या टोकावर रसरशीत काचेचा गोळा घेई, त्यात पोकळी करी, समोरून दुसरी सळई चिकटवली जाई, आणि मग दोन माणसे विरुद्ध दिशांना धावत सुटत. काच थंड होऊन कडक व्हायच्या आत लांबच लांब, काडीएवढी बारीक नळी तयार होई आणि मधली पोकळी या टोकापासून त्या टोकापर्यंत टिकून राही. तेच मण्याचे भोक. पुढे नळीचे हातभर तुकडे, त्यांचे दाण्याएवढे तुकडे, तापल्यावर भोके बुजू नयेत म्हणून त्यांत भरलेली चुन्याची आणि कोळशाची पूड, कडा गोल व्हाव्यात म्हणून तापत्या पिंपात फिरवणे, चाळणे आणि चमक येईपर्यंत कोंड्याबरोबर पोत्यात घोळणे. एकोणिसाव्या शतकात यातली बरीच कामे यंत्रांवर गेली. तयार मणी दोऱ्यात ओवायचे शेवटचे काम मात्र हातांवरच राहिले आणि मुख्यतः कारखान्याबाहेर राहिले. कास्तेल्लो, कान्नारेजो अशा व्हेनिसच्या गरीब वस्त्यांतल्या बायका ते दारात खुर्च्या टाकून करत. या कामाला तेव्हाही आणि नंतरही ‘फावल्या वेळातले काम’ म्हटले गेले. माझे म्हणणे असे, की या बायकांच्या दिवसाचे ते वर्णन खरे नव्हते, पण कामाचा दर ठरवण्याची सोय त्यात होती. जिथे जिथे त्या दिवसाचा पुरावा हाती लागतो, तिथे तिथे ते खोटे पडते.

पुरावा हाती लागणे मात्र अवघड आहे. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या महासभेने १२९१ मध्ये भट्ट्या शहराबाहेर मुरानो बेटावर हलवल्या, ही तारीख काचेच्या जवळपास प्रत्येक इतिहासात असते. पंधराव्या शतकातल्या मारिएत्ता बारोविएर या बाईचेही नाव असते. ताऱ्याच्या नक्षीच्या ‘रोसेत्ता’ मण्याचे श्रेय परंपरेने तिला दिले जाते, आणि १४८७ मध्ये तिला स्वतःची छोटी भट्टी बांधायची परवानगी मिळाली होती. नोंद भट्टीची झाली म्हणून बाईची झाली. भट्टी मागे राख ठेवते, काचेची मळी ठेवते, परवाने आणि खटले ठेवते. दोरा कुजतो. आपल्याकडचे उदाहरण कोकण किनाऱ्यावरच्या चौलचे आहे. तिथे सापडलेल्या काचेच्या मण्यांत युरेनियमचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच जास्त आढळले, आणि तशाच काचेचे मणी केनियाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या वसाहतींतही मिळाले. चौलचे उत्खनन करणारे डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे या अभ्यासात सहभागी होते. समुद्रापलीकडे गेलेला मणी कोणत्या काचेचा, हे आज प्रयोगशाळेत इतक्या बारकाईने कळते. तो कोणी ओवला आणि त्यासाठी दिवसाचे किती तास दिले, हे कोणत्याही रसायनातून कळणार नाही. असल्या कामाचा कागद तयार होतो तो बहुधा भांडण झाले की. म्हणून मी दोन भांडणांकडे पाहतो आहे. एक व्हेनिसमधले, १९०४ चे. दुसरे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचे, १८७२ मध्ये चौकशीपर्यंत गेलेले. पहिले मण्यांचे, दुसरे लोकरीच्या विणकामाचे. दोन्हींत कामाची जागा घर आणि कामगार बाई.

व्हेनिसमध्ये या बायकांना ‘इम्पिरारेस्से’ म्हणत. मांडीवर ‘सेस्सोला’ नावाची उथळ लाकडी पेटी, तिच्यात मण्यांचा ढीग. उजव्या हाताच्या बोटांत वीतभर लांबीच्या, केसासारख्या बारीक अशा चाळीस-पन्नास किंवा त्याहूनही अधिक सुया, पंख्यासारख्या पसरलेल्या. हा पंखा ढिगात घालून उचलायचा, पुन्हा घालायचा, पुन्हा उचलायचा. दर वेळी काही मणी सुयांवर चढत. सुया भरल्या की मणी मागच्या दोऱ्यांवर सरकवायचे, आणि ठरलेल्या लांबीचे ठरलेले सर झाले की त्यांची जुडी बांधायची. भोक बुजलेला, कड फुटलेला, जाडीत न बसणारा मणी याच हातातून बाजूला पडे. जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराने १८८० नंतरच्या एक-दोन वर्षांत या बायकांना रंगवले. त्या अंधुक दालनातल्या आकृत्या फार देखण्या आहेत, पण त्या सकाळपासून किती वेळ बसल्या होत्या ते चित्रातून समजणार नाही. मुली लहानपणीच आईशेजारी बसून हे शिकत. पुढे लग्न झाले, मुले झाली, तरी मांडीवरची पेटी हलत नसे.

ओवणे म्हणजे निव्वळ बांधणी, माल नीटनेटका दिसावा म्हणून केलेली, असे कुणाला वाटेल. पण मण्यांच्या व्यापाराची मोजणीच सरावर उभी होती. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागात मणी चलनासारखे चालत. १८५७ ते १८५९ या काळात तिथे फिरलेल्या रिचर्ड बर्टनने त्याचा हिशेब देऊन ठेवला आहे: एका सराला ‘खेते’, आणि दहा खेत्यांचा एक ‘फुंडो’. १८७१ मध्ये आफ्रिकेत संपर्काबाहेर गेलेल्या लिव्हिंग्स्टन या प्रवाशाच्या शोधात निघालेल्या वार्ताहर स्टॅन्लीला झांझिबारमध्ये अकरा प्रकारच्या मण्यांची बावीस पोती घ्यावी लागली, कारण एका मुलखात चालणारा रंग पुढच्या मुलखात कुणी हातात धरत नसे. अशा बाजारात सुट्या मण्यांचे पोते म्हणजे फक्त वजन. जुडीत बांधलेल्या सराचा रंग, जाडी आणि सारखेपणा घेणाऱ्याला एका नजरेत दिसे. काचेच्या दाण्याचा विकाऊ माल होई तो मांडीवरच्या पेटीत. ज्या टप्प्यावर मालाला भाव आला, नेमक्या त्याच टप्प्याला किरकोळ म्हटले गेले.

कारखाना आणि बाई यांच्या मधे ‘मिस्त्रा’ असे. ही मध्यस्थ बाई कारखान्यातून मणी आणी, वस्तीत वाटी, जुड्या गोळा करी, मजुरी देई आणि स्वतःचा वाटा आधी काढून घेई. मजुरी नगावर होती. नगावरच्या मजुरीत सुईत दोरा ओवून तयार करण्याचा वेळ धरला जात नाही, खराब मणी वेचण्याचा नाही आणि माल यायची वाट पाहण्याचाही नाही. १८९८ मध्ये अनेक कारखाने एकत्र येऊन मण्यांची एक मोठी कंपनी झाली. माझ्या समजुतीने, त्यानंतर या बायकांना एका मालकाकडचा दर नाकारून दुसऱ्याकडे जाण्याची जी थोडीफार वाट होती, तीही अरुंद झाली. १९०४ च्या उन्हाळ्यात त्यांनी संप केला. वाद दराचा होता आणि मिस्त्रांच्या मधल्या वाट्याचाही. माझ्या दृष्टीने संप झाला हाच मोठा पुरावा आहे. वरखर्चाला चार पैसे मिळावेत म्हणून करायचे काम कुणी भर रस्त्यावर येऊन बंद पाडत नाही, ते नुसते सोडून देते. त्या पैशांवर घरातली चूल पेटत असली, तरच तो दर भांडण्याजोगा होतो.

शेटलंडचे चित्र बाहेरून अगदी वेगळे दिसते. ‘पी अँड ओ’ या आगबोट कंपनीचे नाव जुन्या मुंबईकरांच्या ओळखीचे. तिच्या संस्थापकांपैकी आर्थर अँडरसन हा मूळचा शेटलंडचा. त्याने १८३७ मध्ये राणी व्हिक्टोरियाला तिथले तलम मोजे भेट दिले आणि शेटलंडच्या विणकामाला इंग्लंडमध्ये मान मिळाला. लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येईल इतकी झिरझिरीत शाल ही त्या कौशल्याची परमावधी. तिच्यासाठी मेंढीच्या मानेजवळची मऊ लोकर कात्रीने न कापता हाताने उपटून घेत आणि घरीच चाकावर कातत. रोजचे विणकाम याहून साधे होते आणि ते चालता चालता होई. बाईच्या कमरेला चामड्याचा पट्टा असे. त्यावर घोड्याचे केस ठासून भरलेली, भोकाभोकांची गादी. एका सुईचे टोक त्या भोकात रोवले की सुईचा भार हातावर येत नाही आणि बोटे मोकळी राहतात. पाठीवर जळणासाठी खणून काढलेल्या पीटच्या ढेपांनी भरलेली गवती टोपली, आणि पुढे दोन्ही हात विणण्यात. तो काळ दाखवणाऱ्या छायाचित्रांत अशा बायका पुन्हा पुन्हा दिसतात. हा वेळ फावला कसा म्हणायचा? एका अंगावर एकाच वेळी दोन कामे होती, आणि त्यांतल्या एकाचाच मोबदला मिळत होता.

तोही रोख नव्हता. शेटलंडमधल्या लर्विक गावचा व्यापारी मोजे किंवा शाल ठेवून घेई आणि बदल्यात चहा, सुती कापड, असला दुकानातला माल देई. त्या वेळी काही नको असेल तर चिठ्ठी मिळे, तीही त्याच्याच दुकानात चालणारी. मजुरीऐवजी माल देण्याच्या या पद्धतीची चौकशी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या विल्यम गथ्री यांनी केली आणि अहवाल १८७२ मध्ये आला. बायकांच्या साक्षींतून त्यात जे आले आहे ते हिशेबाच्या भाषेत बोलणाऱ्यांनी आवर्जून वाचावे. घरात धान्याचे पीठ नाही, आणि हातात चहाची पुडी. मग ती पुडी घेऊन खेड्यात जायचे आणि तिच्या बदल्यात पीठ मिळवायचे. रोकड हवी असेल तर चिठ्ठी कमी भावात दुसऱ्याला विकायची. विणलेल्या वस्तूची किंमत एकदा व्यापारी ठरवी, आणि त्या किमतीचे पोटाला लागणाऱ्या अन्नात रूपांतर करताना ती दुसऱ्यांदा घटे. १८८७ च्या कायद्याने घरी विणलेल्या लोकरी वस्तूंचे मोल रोख देणे बंधनकारक झाले. तरीही मालाच्या बदल्यात माल ही रीत शेटलंडमध्ये पुढे बरीच वर्षे चालू राहिली.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा, की कुणी बळजबरी केली नव्हती. घर, मुले, म्हातारी माणसे सांभाळून करता येणारे काम बायकांनी स्वतः पसंत केले. यात तथ्य आहे. दारात बसून चारचौघींबरोबर गात, बोलत केलेल्या कामात जी सोबत होती ती गिरणीत मिळाली नसती, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण पसंती कशातून करायची होती तेही पाहायला हवे. व्हेनिसमध्येच तंबाखूच्या सरकारी कारखान्यात बायका काम करत. तिथे पाळी होती, भोंगा होता, जाच होता. पण कामाचे तास मोजले जात होते, म्हणून त्यांच्यावर बोलता येत होते. तिथे सगळ्यांना जागा नव्हती. शेटलंडचे पुरुष मासेमारीसाठी आणि दूरच्या जहाजांवर जात. मागे राहिलेल्या बाईवर शेत, जनावरे, जळण आणि विणकाम असे सगळेच असे. यातली पसंती खरीच होती, पण फार लहान अंगणातली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार वाटतो: हे काम सोपे, म्हणून स्वस्त. याला मण्यांच्या धंद्यानेच उत्तर दिले आहे. काच ओढण्यापुढचे तुकडे करणे, कडा गोल करणे, चाळणे या टप्प्यांना एकामागून एक यंत्रे सापडत गेली, आणि ओवणे मात्र विसाव्या शतकातही दीर्घकाळ हातांवर राहिले. सोपे काम यंत्राकडे आधी जाते. यावर कुणी म्हणेल, की हात इतके स्वस्त असताना यंत्र शोधायची गरजच कुणाला होती? हेही खरे असेल, पण मग स्वस्ताईचे कारण कौशल्याचा अभाव हे राहत नाही. शेटलंडच्या शालीबाबत तर हा आक्षेप उभाच राहत नाही. तिची नक्षी कागदावर न लिहिता डोक्यात आणि बोटांत सांभाळली जाई, आणि तशी शाल विणणाऱ्या बायका मोजक्या होत्या हे व्यापाऱ्यांनाही ठाऊक होते.

तिसरी बाजू व्यापाऱ्यांची. १८७२ च्या चौकशीत त्यांनी सांगितले, की विणकामाच्या मालात त्यांना नफा नाही, फॅशन बदलली की माल पडून राहतो, मिळते ते दुकानातल्या मालावर. त्यांची जोखीम खरी होती असे मी मानतो. लर्विकहून लंडनचा बाजार दूर, आणि गेल्या वर्षीची शाल यंदा कुणी घेईलच असे नाही. पण या साक्षीचा अर्थ त्यांना अभिप्रेत होता त्याच्या उलट निघतो. नफा दुकानातल्या मालावर मिळत असेल, तर बाईच्या हातात रोकड न पडणे हाच त्या धंद्याचा आधार ठरतो. फॅशनच्या जोखमीचा मोठा भाग व्यापाऱ्याकडून सरकत सरकत चहाच्या पुडीच्या रूपाने तिच्याच पदरात येत होता.

महाराष्ट्रात घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायका म्हटले की आधी आठवतात त्या सोलापूरच्या विडी वळणाऱ्या. मांडीवर पेटीऐवजी सूप, मण्यांऐवजी तेंदूची पाने, मधे कारखान्याचा माणूस, आणि खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांवरून रोजचे खटके. रचना तीच आहे. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्या बाईला ‘कामगार’ धरले, आणि हजार विड्यांमागे किमान दर ठरवण्याची पद्धत रूढ झाली. तो दर पुरेसा आहे का, हा वाद चालू आहे, पण वाद घालायला एक आकडा तरी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरी बसून मजुरीचे काम करणाऱ्यांविषयीचा १७७ क्रमांकाचा करार केला. घरी काम करणाऱ्याला, मोबदल्यासह, इतर मजुरांसारखीच वागणूक मिळावी असे तो सांगतो. ओवणारे, विणणारे, शिवणारे, डबीत भरणारे सगळेच हात त्यात येतात. भारताने या कराराला अजून मंजुरी दिलेली नाही.