केसी जोन्स
* केसी जोन्स : ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी रॉक बँडचे १९७० सालच्या ‘वर्किंगमन्स डेड’ अल्बममधील गाणे, शब्द रॉबर्ट हंटर, संगीत जेरी गार्सिया. गाण्यामागचा माणूस खरा. इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा इंजिनचालक जॉन ल्यूथर जोन्स ३० एप्रिल १९०० रोजी मिसिसिपीतील व्हॉन येथे, रुळांवर उभ्या मालगाडीला आपली गाडी धडकून मरण पावला. फायरमन सिम वेबला त्याने उडी मारायला लावली. स्वतः शेवटपर्यंत वेग कमी करत राहिला. प्रवासी वाचले. त्याच्यावरचे पहिले कवन इंजिने पुसणाऱ्या वॉलेस सॉन्डर्स या कृष्णवर्णीय कामगाराने रचले. गाण्यातला कोकेनच्या नशेतला चालक मात्र हंटरची कल्पना. तो डाग जोन्सच्या नावाला लावू नये. — संपा.