१९२८ चा गिरणी संप आणि कोकणातील शेत

एखाद्या धंद्यातील सर्व कारखान्यांचे कामगार एकाच वेळी काम थांबवतात, तेव्हा त्यास सार्वत्रिक संप म्हणतात. मुंबईच्या कापड गिरण्यांतील असा सर्वांत प्रदीर्घ लढा, निदान त्या काळापर्यंतचा, १९२८ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या आरंभी संपला. सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले आणि कामाचे दोन कोटींहून अधिक दिवस बुडाले. इतक्या मोठ्या समूहाने पगारावाचून सहा महिने कसे काढले, या प्रश्नाचे उत्तर परळ-लालबागच्या चाळींत जितके आहे, तितकेच ते कोकणातील भातखाचरांत आहे.

संपाचे तात्कालिक कारण कामाच्या नव्या पद्धतीत होते. जपानी कापडाच्या स्पर्धेने आणि मंदीने मेटाकुटीस आलेल्या मालकांनी उत्पादनखर्च कमी करण्यासाठी दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराला तीन माग आणि साच्याची एक बाजू सांभाळणाऱ्या सूतकताई कामगाराला दोन बाजू देण्याचे धोरण काही गिरण्यांत सुरू केले. प्रत्येक हाताला काम वाढणार आणि हातांची संख्या घटणार, हा त्याचा सरळ अर्थ कामगारांनी तत्काळ ओळखला. याच्या जोडीला जुनी दुखणी होतीच. विणताना कापडात खोट राहिली, तर ते ठाण विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापली जाई. पगार महिना उलटून गेल्यावर हाती पडे. आणि कामावर घेणे वा काढणे ज्याच्या हाती असे, त्या जॉबरला, म्हणजे खात्यावरील मुकादमाला, दस्तुरी द्यावी लागे.

संपाचे नेतृत्व संयुक्त संप समितीकडे होते. नेमस्त विचारांचे ना. म. जोशी आणि श्री. अ. डांगे, र. शि. निंबकर, के. नी. जोगळेकर, शां. स. मिरजकर हे कम्युनिस्ट कार्यकर्ते तिच्यात एकत्र आले. ज्या गिरणी कामगार युनियनचे नाव पुढे 'लाल बावटा' म्हणून घरोघर झाले, ती संपाच्या काळातच, मे १९२८ मध्ये स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद गिरणीतच काम केलेल्या अर्जुन आत्माराम आळवे यांच्याकडे आले. समितीने सतरा मागण्या मांडल्या आणि धान्यवाटपाची केंद्रे चालवली. सोव्हिएत रशियातील कामगार संघटनांकडूनही तिला पैसा मिळाला. तथापि दीड लाख कुटुंबांचे पोट अशा निधीवर सहा महिने भरणे अशक्यच होते. चाळीतला वाणी उधारी वाढवत गेला, एकट्या राहणाऱ्या चाकरमान्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया हिशेब पुढे ढकलत राहिल्या, आणि तरीही जे भागले नाही, ते गावाने भागवले.

गिरण्यांतील फार मोठा वर्ग तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतून, आलेला होता. त्याखालोखाल घाटावरील साताऱ्यासारख्या जिल्ह्यांतून लोक आले होते. घरचा एक पुरुष मुंबईत, बाकीचे कुटुंब गावी, आणि मुंबईच्या मनिऑर्डरीवर शेतसारा व सावकाराचे व्याज, अशी ही व्यवस्था होती. संप वैशाखाच्या तोंडावर सुरू झाला, तेव्हा हजारो कामगारांनी गावची वाट धरली. पावसाळ्यात किनाऱ्यावरील बोटी बंद होत असल्यामुळे आधीच घरी पोहोचलेल्या चाकरमान्याला नांगरणी आणि लावणी होईपर्यंत परतण्याची घाई नव्हती. एरवी मुंबईहून गावी वाहणारा पैसा थांबला आणि गावचे धान्य संपाच्या कामी आले. ज्या स्त्रिया गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपे लावत होत्या, त्या अशा रीतीने मुंबईतील संपाचा भार उचलत होत्या; मात्र संप समितीच्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव नव्हते.

या आधाराची मर्यादा मात्र तितकीच स्पष्ट होती. ज्यांना गावी कसायला जमीन नव्हती, त्यांच्यासाठी गाव म्हणजे उपासमारीचे दुसरे ठिकाण होते, आणि अशांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांचे प्रमाण मोठे होते. गिरणीतही त्यांना अधिक पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी भरल्यावर विणकर धोट्याच्या छिद्राला ओठ लावून श्वासाने दोरा बाहेर ओढीत असे, आणि एकाच धोट्याला दोघांचे ओठ लागण्याच्या या क्रियेत सवर्ण कामगारांना विटाळ दिसत असे. हे दार उघडावे, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच संपाच्या निमित्ताने धरला. संपाचे ओझे ज्यांच्यावर सर्वाधिक पडते, त्यांना त्याच्या फळात वाटा हवा, हा त्यांचा मुद्दा निर्विवाद न्याय्य होता आणि कामगार ऐक्याच्या सर्वांत कच्च्या दुव्यावर त्याने नेमके बोट ठेवले.

४ ऑक्टोबर १९२८ रोजी तडजोड झाली आणि वादाचे प्रश्न न्यायमूर्ती चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीकडे गेले. युनियनची सभासदसंख्या वर्षअखेरीस पन्नास हजारांपुढे गेली. परंतु २० मार्च १९२९ रोजी सरकारने मुख्यतः कम्युनिस्टांवर भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यासाठी डांगे, निंबकर, मिरजकर यांच्यासह आळवे यांनाही अटक झाली आणि त्याच वर्षी झालेला पुढील संप तितका टिकला नाही.

गावाशी नाते न तोडलेला कामगार हा अर्धवट कामगार, तो लढ्यात टिकत नाही, असे मत तेव्हा अनेक जाणकार मांडत असत. १९२८ चा अनुभव नेमका उलट आहे. त्या वर्षी ज्याची गावी जमीन होती, तो अधिक काळ लढू शकला आणि ज्याची नव्हती, त्याने त्याच लढ्याची किंमत दुपटीने मोजली. म्हणून या संपाचा हिशेब मांडताना बुडालेल्या दिवसांच्या आकड्याशेजारी कोकणातील त्या पावसाळ्याची लावणी आणि विणकाम खात्याचे ते बंद दार, या दोन्हींची नोंद व्हायला हवी.