शंभर टक्के खात्री

डॉक्टरांनी रँडल डेल अ‍ॅडम्सला एक-दोन म्हणींचा अर्थ विचारला, काही आकृत्या काढायला लावल्या आणि ते निघून गेले. १९७७, डॅलस. अ‍ॅडम्सवर पोलिसाच्या खुनाचा आरोप होता. टेक्ससमध्ये फाशी द्यायची तर आरोपी पुढेही हिंसा करेल, हे ज्युरीला पटावं लागे. डॉ. जेम्स ग्रिगसन ते पटवण्यात वाकबगार. हा माणूस पुन्हा मारेल, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. अ‍ॅडम्सला फाशीची शिक्षा झाली.

पुढे मुख्य साक्षीदार फिरला, निकाल रद्द झाला आणि १९८९मध्ये अ‍ॅडम्स सुटला.

दरम्यान १९८३मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेनेच सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं, की अशी तीनपैकी दोन भाकितं चुकतात. न्यायालयाने तरीही साक्ष ग्राह्य धरली. चूक उलटतपासणीत उघडी पडेल, हा भरवसा. १९९५मध्ये संघटनेने ग्रिगसनना काढून टाकलं.

मला वाटायचं, मोजमाप आलं की प्रश्न मिटेल. रॉबर्ट हेअर यांची सायकोपॅथीची यादी आहेच: २० लक्षणं, प्रत्येकी ० ते २ गुण. पण २०१३च्या एका प्रयोगात शंभरहून अधिक तज्ज्ञांना त्याच फायली दिल्या. आपल्याला सरकारी पक्षाने नेमलंय असं समजणाऱ्यांनी सरासरी जास्त गुण दिले.

इनपुट तेच आणि उत्तर वेगळं आलं, की आम्ही प्रोग्रामर बग शोधतो. इथे बग फायलीत नव्हता. ग्रिगसनना एकट्याला खलनायक ठरवणं सोपं आहे. पण हे तज्ज्ञ तर खोटं बोलत नव्हते. स्वतःलाच न दिसणारा कल उलटतपासणीत कसा सापडणार?