असृज् आणि रुधिरा : रक्तवाहिन्यांच्या शोधाचा मागोवा



निपाणीच्या तंबाखूने या भागातल्या अनेक घरांत पैसा आणला, विडी वळणाऱ्या बायकांच्या चुली पेटत्या ठेवल्या आणि १९८१ च्या शेतकरी आंदोलनाने गावाचे नाव देशभर नेले. त्याच तंबाखूच्या एका देण्याबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही. विडी ओढणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या माणसाला चालताना पायात गोळे येतात. पुढे बसल्या जागीही पाऊल ठणकते, बोट काळे पडते आणि शेवटी ते कापावे लागते. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा रोग म्हणतात. यात हातापायांतील लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात आणि गुठळ्यांनी बंद होतात.

अशा पायात नवी रक्तवाहिनी फुटवता येईल का? प्रश्न साधा आहे. पण रक्तवाहिनी मुळात फुटते कशी, हे उलगडायलाच शतके गेली. त्या इतिहासातले एक प्रकरण आपल्याच राज्यात, बेंगळूरला लिहिले गेले आहे. आज त्याचीच ओळख करून द्यायची आहे.

सुश्रुताने शरीरात सातशे शिरा सांगितल्या आणि त्यांचे मूळ नाभीत मानले. युरोपात विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध केले, पण रोहिणीतले रक्त नीलेत कोणत्या वाटेने जाते हे त्यांना दिसले नव्हते. ती वाट म्हणजे केशवाहिन्या. मार्चेल्लो माल्पिघी यांनी त्या १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्या वाहिन्या तयार कशा होतात, हे कोडे मात्र तसेच राहिले.

त्याचे उत्तर कोंबडीच्या अंड्यात मिळू लागले. फ्लॉरेन्स सॅबिन या अमेरिकन संशोधिकेने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोंबडीचा जिवंत गर्भ काचेवर टांगलेल्या थेंबात ठेवला आणि रात्रभर जागून पाहिला. काही पेशी एकत्र येऊन नळी बनवतात, तिथेच रक्तपेशी जन्मतात, आणि मग हृदयाचा पहिला ठोका पडतो, हे सारे तिच्या डोळ्यांसमोर घडले. पुढे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या गेल्या. सुट्या पेशींपासून पहिले जाळे तयार होणे ही एक, आणि असलेल्या वाहिनीला नवा फाटा फुटणे ही दुसरी. जखम भरते ती मुख्यतः दुसऱ्या वाटेने. १९७१ साली जुडा फोकमन यांनी मांडले की कर्करोगाची गाठही याच वाटेने आपल्यासाठी रक्त ओढून घेते. म्हणजे पायाला हवी असलेली तीच क्रिया गाठीत नको असते.

गर्भाच्या आत डोकावणे अवघड. १९८१ साली केंब्रिजच्या मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी उंदराच्या गर्भातल्या मूळपेशी काचेच्या बशीत वाढवल्या. मूळपेशी म्हणजे अजून कोणतेही काम न घेतलेली पेशी. ती पुढे रक्त, स्नायू, मज्जा, काहीही होऊ शकते. चार वर्षांत दिसून आले की या पेशी बशीतच गोळा होऊन रक्ताची बेटे तयार करतात. सॅबिनबाईंनी अंड्यात पाहिलेले आता बशीत पाहता येऊ लागले.

इथे डॉ. मनीषा इनामदार येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांचे सुरुवातीचे काम फळमाशीवर, तिला चव कशी कळते यावर होते. पुढे बेंगळूरजवळ जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात त्यांनी उंदराच्या मूळपेशींकडे मोर्चा वळवला. रक्त आणि रक्तवाहिन्या घडताना कोणती जनुके जागी होतात, हा त्यांचा प्रश्न. हाती लागलेल्या दोन जनुकांची नावे त्यांनी ठेवली असृज् आणि रुधिरा. अमरकोशात रक्ताचे जे पर्याय येतात, त्यांतले हे दोन. नावे जुनी, शोध नवा. आपल्या पूर्वजांना जनुके ठाऊक होती असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. आपल्या शब्दांना जगाच्या विज्ञानात जागा मिळाली, एवढा आनंद पुरेसा आहे.

असृज् वर २००३ साली लेख आला. हे जनुक माशीपासून माणसापर्यंत टिकून आहे. फळमाशीत ते काढून टाकले की रक्ताच्या मूळपेशी धीर सोडतात आणि वेळेआधीच पक्व होऊन संपतात. मूळपेशीला मूळपेशी ठेवणे हे त्याचे काम. रुधिराचे काम वेगळे. नवा फाटा फुटताना वाहिनीच्या पेशीला एका दिशेने सरकावे लागते. पेशीच्या आत सूक्ष्म तंतूंचा सांगाडा असतो, त्यातल्या दोन प्रकारच्या तंतूंना रुधिरा एकमेकांशी जोडते, तेव्हा पेशीला दिशा सापडते. हे जनुक नसलेले उंदराचे गर्भ मध्यावरच दगावतात, कारण त्यांच्या वाहिन्यांची नीट मांडणीच होत नाही. माणसातले हेच जनुक स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासात आधीच नोंदले गेले होते. फोकमन यांचे म्हणणे इथे वेगळ्या वाटेने पुन्हा भेटते.

२००९ साली इनामदार आणि सहकाऱ्यांनी मानवी गर्भापासून मूळपेशींचे दोन वंश तयार केल्याचे प्रसिद्ध केले. मी जैन घरातला. गर्भ म्हटले की आमच्याकडे आधी जीवाचा प्रश्न येतो, आणि तो यावाच. हे गर्भ वंध्यत्वाच्या उपचारात कमी प्रतीचे ठरून टाकून दिलेले होते. एवढ्याने प्रश्न सुटतो असे मी म्हणणार नाही. पण टाकून दिलेल्यातून ज्ञान घेणे आणि ज्ञानासाठी जीव निर्माण करणे यांत फरक आहे, एवढे तरी मान्य व्हावे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने मानवी जनुकसंपादनावर नेमलेल्या तज्ज्ञ समितीत इनामदारही होत्या. नीतीचा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर ठेवून चालत नाही.

आता निपाणीच्या त्या पावलाकडे वळू. बेंगळूरच्या स्टेम्प्युटिक्स या कंपनीने दात्यांच्या अस्थिमज्जेतील पेशींपासून केलेले एक औषध पोटरीच्या स्नायूत टोचतात. २०१६ साली भारताच्या औषध महानियंत्रकांनी त्याला बर्गरच्या रोगासाठी मर्यादित परवानगी दिली. हे काम इनामदारांच्या कामाहून स्वतंत्र आहे आणि पेशीही वेगळ्या. या एका परवानगीवरून कुठलाही ‘स्टेम सेल’ उपचार खरा मानू नये. आपल्याकडे गुडघ्यापासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर हा इलाज सांगणारी रंगीत पत्रके घेऊन लोक दवाखान्यात येतात, शेत विकू का असे विचारतात. त्यांना मी एकच गोष्ट सांगतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन्ही शब्द होते; २०१३ मध्ये ‘उपचार’ हा शब्द मुद्दाम काढून टाकला गेला. शेत विकण्याआधी त्या गाळलेल्या शब्दाचा विचार करावा.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. काळे पडू लागलेले बोट दिसले की मी रुग्णाला त्याच दिवशी रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाकडे पाठवतो. आणि सोबत सांगतो की या रोगात पाय वाचवण्याची सर्वांत खात्रीची वाट आजही विडी आणि तंबाखू पूर्ण सोडण्याची आहे. दिवसाला एक ओढली तरी रोग पुढे सरकतो. रक्तवाहिनी कशी फुटते हे शोधणाऱ्यांनी आपले आयुष्य खर्ची घातले आहे. आहे ती वाहिनी जपणे आपल्या हातात आहे.