‘स्पायनलमुळे दुखत असेल’

बाळंतीण २६ वर्षांची. स्पायनल देऊन सिझेरियन झालं. शनिवारी पहाटे ४:१० वाजता तिला झटका येणार आहे. (हा कुणा एकीचा केसपेपर नव्हे, अशा प्रकरणांत दिसणारा क्रम एका घड्याळावर मांडला आहे.)

गुरुवार, सकाळी ७:३०. ४४ तास ४० मिनिटं आधी. आठवा दिवस, माहेरी. डोकं ठणकतंय. आई म्हणते, “जागरणानं गं.” बाम लावून डोक्याला फडकं घट्ट बांधलं जातं.

११:००. शेक-शेगडी झाल्यावर ती पाणी मागते. आजी अर्धा पेला देते. बाळंतिणीनं फार पाणी पिऊ नये म्हणे. प्रसूतीनंतर काही आठवडे रक्त एरवीपेक्षा लवकर गोठतं. अंगात पाणी कमी पडलं की धोका वाढतो.

संध्याकाळी ६:२०. ३३ तास ५० मिनिटं आधी. दवाखाना. बीपी १२०/७८, लघवीत प्रथिनं नाहीत. हे तपासलं ते उत्तमच. बीपी १४०/९०च्या वर असतं, तर धावपळ झाली असती. नॉर्मल निघालं आणि तपास तिथंच थांबला. चिठ्ठीवर: स्पायनलमुळे. पॅरासिटामॉल, आराम.

स्पायनलच्या सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपलं, तर डोकं बहुधा पहिल्या पाच दिवसांत दुखू लागतं. बसलं की ठणका, आडवं झालं की उतार. हिचं आठव्या दिवशी सुरू झालं, आणि आडवं झालं की वाढतं. “झोपल्यावर कसं वाटतं?” एवढं कुणी विचारलं नाही.

शुक्रवार, पहाटे २:००. ती भिंतीला टेकून बसली आहे. दोनदा उलटी.

सकाळी १०:१५. वडील दवाखान्यात फोन करतात. तिकडून उत्तर येतं, “गोळीला दोन दिवस तरी द्या.”

रात्री ९:४०. साडेसहा तास आधी. उजव्या हातातून बाळाचं दुपटं निसटतं. पुन्हा निसटतं. “अशक्तपणा आलाय.” आई डिंकाचा लाडू देते.

शनिवार, पहाटे ४:१०. झटका उजव्या हातापासून सुरू होतो.

४:१४. १०८ला फोन.

६:०५. जिल्हा रुग्णालय. साध्या सीटीत मेंदूत रक्तस्राव.

८:३०. शिरांचा एमआरआय. मेंदूतलं रक्त परत नेणारी वरची मोठी शीर गुठळीनं बंद. रक्तस्राव त्या तुंबाऱ्यामुळेच झाला आहे, म्हणून तो दिसत असूनही रक्त पातळ करणारं हेपरिन सुरू होतं.