ईस्ट कोस्ट जेट्स उड्डाण ८१

ईस्ट कोस्ट जेट्स उड्डाण ८१ हे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी येथून मिनेसोटा राज्यातील ओवाटोना येथे जाणारे भाडोत्री खासगी उड्डाण होते. ३१ जुलै २००८ रोजी सकाळी ओवाटोना डेगनर प्रादेशिक विमानतळावर उतरल्यानंतर या उड्डाणाचे हॉकर ८०० जातीचे जेट विमान धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन कोसळले. विमानातील दोन वैमानिक आणि सहा प्रवासी असे आठही जण मृत्युमुखी पडले.

या अपघाताचे वैशिष्ट्य असे की, विमान धावपट्टीबाहेर घसरत जाणे हे प्राणहानीचे कारण नव्हते. ते टाळण्यासाठी विमान पुन्हा हवेत उचलण्याचा जो प्रयत्न शेवटच्या क्षणी झाला, त्यातून हा अपघात घडला. विमान थांबवण्याचाच प्रयत्न चालू राहिला असता, तर ते मंद वेगाने धावपट्टीबाहेर जाऊन थोड्याच अंतरावर थांबले असते, असा निष्कर्ष तपास यंत्रणेने काढला.

विमान आणि प्रवासी

ईस्ट कोस्ट जेट्स ही पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲलनटाउन येथील कंपनी मागणीनुसार भाड्याने विमाने पुरवीत असे. अपघातग्रस्त विमान ब्रिटिश एरोस्पेस कंपनीच्या १२५-८०० या मालिकेतील होते. पुढे ही मालिका हॉकर ८०० या नावाने ओळखली जाऊ लागली. दोन जेट इंजिनांची ही विमाने मुख्यतः उद्योगसमूहांच्या अधिकाऱ्यांच्या प्रवासासाठी वापरली जातात.

त्या दिवशी वैमानिकांनी पहाटे ॲलनटाउनहून विमान अटलांटिक सिटीला आणले आणि तेथे प्रवासी घेतले. हे प्रवासी अटलांटिक सिटीत तेव्हा उभारल्या जात असलेल्या एका मोठ्या कॅसिनोच्या बांधकामाशी संबंधित होते. ओवाटोना हे काचनिर्मितीचे केंद्र असून तेथील एका काच कारखान्यातील बैठकीसाठी ते निघाले होते.

विमानतळ आणि हवामान

ओवाटोना हे गाव मिनियापोलिस शहराच्या दक्षिणेस सुमारे १०० किलोमीटरवर आहे. तेथील विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रणाचा मनोरा नाही. वैमानिक हवामानाची माहिती स्वयंचलित केंद्राकडून घेतात आणि उतरण्याचा निर्णय स्वतः करतात. मुख्य धावपट्टीची लांबी ५,५०० फूट, म्हणजे सुमारे १,६७६ मीटर होती. मोठ्या विमानतळांच्या तुलनेत ही लांबी निम्म्याच्या आसपास असली, तरी हॉकर ८०० सारख्या विमानास ती सामान्य परिस्थितीत पुरेशी ठरते. धावपट्टीच्या पृष्ठभागावर पाणी निचरून जाण्यासाठी आडवे खाचे पाडलेले नव्हते.

त्या सकाळी दक्षिण मिनेसोटावरून वादळी पावसाचा मोठा पट्टा सरकत गेला होता. विमान उतरले तेव्हा धावपट्टी ओली होती आणि वारा विमानाच्या मागून वाहत होता. तपासातील अंदाजानुसार या पाठवाऱ्याचा वेग सुमारे ८ नॉट होता.

विमान समोरच्या वाऱ्यात उतरणे नेहमीच श्रेयस्कर मानले जाते. हवेच्या सापेक्ष १२० नॉट वेगाने उतरणाऱ्या विमानास ८ नॉटांचा पाठवारा मिळाला, तर जमिनीवरील त्याचा वेग १२८ नॉट होतो. तेवढाच वारा समोरून असेल, तर तो ११२ नॉट राहतो. थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे या दोन परिस्थितींतील अंतरात सुमारे ३० टक्क्यांचा फरक पडतो. ओल्या धावपट्टीवर ब्रेकची पकड कमी होत असल्याने गरज आणखी वाढते.

अवतरण आणि अपघात

वैमानिक कक्षातील ध्वनिमुद्रणावरून उतरण्यापूर्वीचा घटनाक्रम स्पष्ट झाला. उतरण्याची पद्धत, वारा, धावपट्टीची स्थिती आणि अडचण आल्यास करावयाची कृती यांविषयी दोन्ही वैमानिकांनी परस्परांत जी पूर्वचर्चा करावयाची असते, ती झाली नाही. तपासयाद्यांचे वाचनही ठरलेल्या पद्धतीने झाले नाही. त्याच सुमारास सहवैमानिक इंधन आणि विमान उभे करण्याची जागा यांविषयी विमानतळावरील सेवा कंपनीशी बोलत होता. ओल्या धावपट्टीवर व पाठवाऱ्यात किती अंतर लागेल, याची आकडेमोड करण्यात आली नाही.

विमानाची चाके टेकल्यानंतर वेग घटवण्यासाठी हॉकर ८०० मध्ये ‘लिफ्ट डंप’ ही यंत्रणा असते. ती पूर्ण कार्यान्वित केली की पंखांवरील झडपा उभ्या राहतात आणि पंखांमागील फ्लॅप अधिक खाली येतात. त्यामुळे पंखांची उचल नाहीशी होते, विमानाचा भार चाकांवर येतो आणि ब्रेक परिणामकारक ठरतात. या उड्डाणात ती यंत्रणा चाके टेकताच पूर्णपणे उघडली गेली नाही. सहवैमानिकाने प्रथम ती उघडल्याचे सांगितले आणि लगेच ती उघडली नसल्याचे सांगून ते विधान दुरुस्त केले. या विलंबामुळे ब्रेक लावण्याच्या सर्वांत मोलाच्या काळात विमानाचा काही भार पंखांवरच राहिला.

चाके टेकून सुमारे १७ सेकंद झाल्यावर मुख्य वैमानिकाने थांबण्याचा प्रयत्न सोडून दिला आणि ‘गो-अराउंड’ करण्याचे, म्हणजे इंजिनांची शक्ती वाढवून पुन्हा उड्डाण करण्याचे ठरवले. तोवर धावपट्टीचा बहुतांश भाग मागे पडला होता. विमान धावपट्टीचे टोक ओलांडून पुढे गेले, टोकापासून सुमारे १,००० फुटांवरील दिशादर्शक अँटेनाच्या रचनेवर आदळले आणि त्यापलीकडच्या मक्याच्या शेतात कोसळले.

गो-अराउंड निष्फळ का ठरले

विमान अजून हवेत असताना गो-अराउंड करणे ही नित्याची आणि सुरक्षित कृती आहे. त्या वेळी विमानाकडे वेग असतो, पंखांची उचल असते आणि समोर मोकळी जागा असते. जमिनीवर १७ सेकंद ब्रेक लावून धावल्यानंतर यांतील काहीच उरत नाही. घटलेला वेग पुन्हा मिळवावा लागतो. मंद केलेली जेट इंजिने पूर्ण शक्तीवर येण्यास काही सेकंद घेतात. उचल नष्ट करण्यासाठी उघडलेल्या झडपा मिटवून फ्लॅप उड्डाणयोग्य स्थितीत आणावे लागतात. हे सर्व होत असताना विमान उरलेली धावपट्टी संपवीत असते.

तपास

अपघाताचा तपास अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केला. मंडळाचा अंतिम अहवाल मार्च २०११ मध्ये स्वीकारण्यात आला. धावपट्टी पुरेशी शिल्लक नसताना मुख्य वैमानिकाने अवतरणाच्या उत्तरार्धात गो-अराउंडचा निर्णय घेणे, हे अपघाताचे संभाव्य कारण मंडळाने निश्चित केले. वैमानिकांमधील समन्वयाचा आणि कक्षातील शिस्तीचा अभाव, तसेच दोघांच्याही कामगिरीवर झालेला थकव्याचा संभाव्य परिणाम, यांची साहाय्यक कारणांत नोंद झाली. मागणीनुसार विमाने चालवणाऱ्या कंपन्यांना वैमानिक-समन्वयाचे प्रशिक्षण आणि प्रमाणित कार्यपद्धती सक्तीची न केल्याबद्दल संघीय विमान वाहतूक प्रशासनावरही मंडळाने ठपका ठेवला.

अहवालातील सर्वांत महत्त्वाचा भाग न निवडलेल्या पर्यायाविषयी होता. वैमानिकाने ब्रेक लावणे चालू ठेवले असते तर काय झाले असते, याचे गणित मंडळाने मांडले. त्यानुसार विमान धावपट्टीच्या टोकावरून २३ ते ३७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४३ ते ६९ किलोमीटर वेगाने बाहेर गेले असते आणि आणखी १०० ते ३०० फुटांत थांबले असते. धावपट्टीच्या टोकापुढे सुमारे १,००० फूट लांबीचे सपाट सुरक्षा क्षेत्र होते. असे क्षेत्र टोक ओलांडणाऱ्या विमानासाठीच राखलेले असते. विमान त्याच क्षेत्रात थांबून प्राणहानी टळण्याची किंवा अपघाताची तीव्रता कमी होण्याची दाट शक्यता होती.

शिफारशी आणि नियमांतील बदल

मंडळाच्या शिफारशींमागील मुख्य विचार असा होता की, धावत्या विमानात काही सेकंदांत करावयाची निवड आधीच ठरलेली असावी. अवतरणाच्या क्रमात एक निश्चित टप्पा ठरवावा आणि त्यानंतर कोणत्याही परिस्थितीत गो-अराउंड न करता विमान थांबवण्याचाच प्रयत्न करावा, असे मंडळाने सुचवले. लिफ्ट डंपसारख्या यंत्रणा असलेल्या जेट विमानांत हा टप्पा त्या यंत्रणेच्या वापराशी जोडता येतो.

प्रत्येक अवतरणापूर्वी त्या वेळचा वारा आणि धावपट्टीची स्थिती विचारात घेऊन लागणारे अंतर मोजावे व त्यात किमान १५ टक्के अंतर राखीव धरावे, ही भूमिका मंडळाने यापूर्वीच घेतली होती. डिसेंबर २००५ मध्ये शिकागोच्या मिडवे विमानतळावर साउथवेस्ट एअरलाइन्सचे विमान बर्फाळ धावपट्टी ओलांडून रस्त्यावर गेले होते. त्या अपघातानंतर ही मागणी पुढे आली. ओवाटोनाच्या घटनेने भाडोत्री विमानांच्या क्षेत्रातही तिची निकड दाखवून दिली.

नियमित वेळापत्रकाने चालणाऱ्या अमेरिकी विमान कंपन्यांत वैमानिक-समन्वयाचे प्रशिक्षण १९९० च्या दशकापासून बंधनकारक होते. मागणीनुसार सेवा देणाऱ्या कंपन्यांना ते लागू नव्हते. संघीय विमान वाहतूक प्रशासनाने २०११ मध्ये अंतिम नियम प्रसिद्ध करून अशा कंपन्यांनाही हे प्रशिक्षण सक्तीचे केले आणि त्यांना अंमलबजावणीसाठी २०१३ पर्यंत मुदत दिली.

भारतातील समांतर घटना

ओवाटोनाच्या अपघातानंतर दोन वर्षांच्या आत, २२ मे २०१० रोजी, दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे उड्डाण ८१२ मंगळूर येथे धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. हे प्रवासी बोइंग ७३७-८०० विमान उंचावरून व अधिक वेगाने आले आणि धावपट्टीचा मोठा भाग मागे पडल्यावर टेकले. उतरण्यापूर्वी सहवैमानिकाने गो-अराउंड करण्यास वारंवार सुचवले होते. मुख्य वैमानिकाने ते ऐकले नाही. चाके टेकून इंजिनांचा उलट जोर वापरणे सुरू झाल्यानंतर मात्र त्याने पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न केला. विमानाचा पंख धावपट्टीपलीकडील दिशादर्शक अँटेनाच्या रचनेवर आदळला आणि विमान पठाराच्या कडेवरून खाली गेले.

दोन्ही अपघातांतील विमाने, धावपट्ट्या आणि भूरचना वेगवेगळ्या होत्या. हवेत असताना योग्य ठरणारी कृती चाके टेकल्यानंतर बराच वेळ गेल्यावर केली गेली, हे त्यांतील साम्य होय. त्यामुळे धावपट्टी ओलांडण्याच्या घटनांविषयीच्या अभ्यासात या दोन अपघातांची तुलना उपयुक्त ठरते.