तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी

तपासणीच्या आदल्या दिवशी गोड बंद केलेत, तरी 'एचबीएवनसी' फसत नाही. का?

१९६८ साली तेहरानमध्ये डॉ. सॅम्युअल रहबर हिमोग्लोबिनचे प्रकार तपासत होते. मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना एक वेगळेच हिमोग्लोबिन आढळले. पुढे उलगडा झाला: रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगतो.

२०१० साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने निदानासाठीही ही तपासणी स्वीकारली. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. आहार, नियमित चालणे आणि वजन सांभाळून इथून मागे फिरता येते. ॲनिमिया असेल तर आकडा चुकू शकतो, तेव्हा डॉक्टरांना तसे सांगा.